नीट हुकली, आता इम्युनॉलॉजी: घाई कशाची करावी?

प्रश्न: आम्ही नागपूरला मानेवाड्याला राहतो. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मायक्रोबायोलॉजी. नीट दोनदा दिली, सरकारी सीट लागली नाही. आता म्हणते, संसर्ग झाल्यावर प्रतिकारशक्ती कशी काम करते यावर, म्हणजे इम्युनॉलॉजीत, संशोधन करायचं. घरचे म्हणतात, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून मोकळी हो. काय करावं? – एक आई

उत्तर: ताई, मुलीचं म्हणणं हवेतलं नाही, पण आधी वर्षांचा हिशेब पाहा. एम.एस्सी.ची दोन, पीएच.डी.ची पाच-सहा, पुढे बहुतेकांना पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनाची, दोन-चार. स्थिर नोकरी तिशीनंतरच. मधल्या काळात घरून पैसे लागतीलच असं नाही. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेत जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,००० आणि वर घरभाडं. नुसतं नेट पास होऊन ही फेलोशिप मिळत नाही, हा घोळ अनेक घरांत होतो. डीएमएलटी वाईट नाही. दोन वर्षांत पगार हवाच असेल तर तीच करावी. मात्र पीएच.डी.चा रस्ता सहसा एम.एस्सी.तून जातो.

खरा प्रश्न आहे, तिला रोजचं काम आवडेल का? टीबीच्या रुग्णाचं १० मिली रक्त हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) नळीत येतं. त्यात तेवढंच पीबीएस (पेशींना न दुखावणारं मिठाचं द्रावण) मिसळायचं आणि फायकॉल नावाच्या जड द्रवावर, नळी तिरपी धरून, भिंतीवरून अगदी हळू सोडायचं. मग नळी सेंट्रिफ्यूज या वेगाने फिरणाऱ्या यंत्रात ४०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट जोराने) अर्धा तास फिरवायची, खोलीच्या तापमानाला, ब्रेक बंद ठेवून. तळाशी लाल पेशी बसतात, वर प्लाझ्मा राहतो आणि मधे पांढुरकं कडं दिसतं. लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी त्यात असतात. तेवढंच पिपेटनं उचलायचं. १ मिली रक्तातून साधारण १० लाख पेशी हाती लागतात.

ब्रेक चालू राहिला की कडं विस्कटतं. फायकॉल थेट फ्रिजमधून काढून वापरलं तर थर नीट पडत नाहीत. रक्त रात्रभर पडून राहिलं तर न्यूट्रोफिल या एरवी तळाशी जाणाऱ्या पांढऱ्या पेशी हलक्या होऊन त्याच कड्यात घुसतात, मग फ्लो सायटोमेट्रीत (लेसरने एकेक पेशी तपासण्याच्या तंत्रात) दिसलेला फरक आजाराचा की उशिराचा, हे सांगता येत नाही. नमुना संध्याकाळी सहाला आला तर काम तेव्हाच सुरू होतं, घरी लग्न असलं तरी. याचा कंटाळा न येणारी माणसंच या क्षेत्रात टिकतात.

संशोधनाच्या प्रश्नांसाठी विदर्भाबाहेर जायला नको. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात प्लीहा (जंतू गाळणारा पोटातला अवयव) लहानपणीच निकामी होत जाते, म्हणून न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकससारखे कवचधारी जंतू या मुलांना जड जातात. टीबीत इग्रा ही रक्ताची चाचणी सांगते की शरीराला जंतूची ओळख आहे. तो सुप्त आहे की सक्रिय, हे ती सांगत नाही. दोन्हींत भरपूर काम बाकी आहे.

एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅमचा बायोटेक्नॉलॉजी पेपर, गॅट-बी आणि सीयूईटी-पीजी या तिन्ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षांच्या वाटा धराव्यात. गॅट-बीच्या पहिल्या भागात बारावीच्या पातळीचं भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र विचारतात, म्हणजे नीटचा अभ्यास वाया गेला नाही. गणिताचा अभ्यास तेवढा वेगळा करावा लागेल. पुढे पीएच.डी.साठी पुण्याची एनसीसीएस आणि एनआयव्ही, दिल्लीची एनआयआय, फरीदाबादची टीएचएसटीआय या सरकारी संशोधन संस्था नजरेत ठेवा. संख्याशास्त्र आतापासून शिकू द्या. मुलं तेच टाळतात आणि पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी रडतात.

निर्णय मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर घ्या. त्या सुट्टीत सहा-आठ आठवडे तिला खऱ्या प्रयोगशाळेत काढू द्या. नागपूरच्या मेडिकल, मेयो (दोन्ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं) किंवा एम्सच्या मायक्रोबायोलॉजी विभागात, सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिने स्वतः विचारावं. विज्ञान अकादमींच्या समर फेलोशिपचे अर्ज बहुधा दिवाळीच्या सुमारास निघतात, त्यावर लक्ष ठेवा. फी घेऊन पंधरा दिवसांत पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याचं तंत्र) ‘दाखवून’ सर्टिफिकेट देणाऱ्या क्लासच्या नादी लागू नका. मेल करताना त्या प्राध्यापकांचे अलीकडचे दोन पेपर वाचून त्यावर एक नेमका प्रश्न लिहावा. वीस जणांना एकच मजकूर पाठवला तर उत्तर येत नाही.

आणि माणसाच्या रक्ताला हात लावण्याआधी हिपॅटायटिस बीची लस हवी. लहानपणी झाली असेल तर कार्ड शोधा. नसेल तर तीन डोस लागतात, पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. मे महिन्यात प्रयोगशाळेत जायचं असेल तर पहिला डोस नोव्हेंबरच्या आत झालेला बरा.