वाचकांचे प्रश्न: इथिओपियन हॉटेलात काय मागवायचं, कसं खायचं

प्रश्न: घराजवळ एका इथिओपियन कुटुंबाचं छोटं हॉटेल आहे. आम्ही दोघं शाकाहारी, मुलगा चिकन खातो, बीफ कुणालाच चालत नाही. मेनू वाचून काहीच उमगत नाही. काय मागवावं?
(वाचक, सिल्व्हर स्प्रिंग, मेरीलँड)

उत्तर: ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नका, ‘येत्सोम’, म्हणजे उपवासाचं, असं मागा. इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चचे लोक बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरआधीचे 55 दिवस मांस, अंडी, दूध, लोणी यातलं काही खात नाहीत. त्यामुळे त्यांच्या उपवासाच्या पदार्थांत सगळं वनस्पतींपासूनचं आणि तेलातलं असतं. डाळी आणि कांदा मात्र भरपूर, तेव्हा एकादशीला तिथे जाऊ नका!

‘येत्सोम बेयायनेतू’ सांगितलं की मोठ्या थाळ्यात इंजेरा, म्हणजे तेफ या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाचं मोठं, मऊ, जाळीदार धिरडं, अंथरून त्यावर पाच-सात पदार्थ वाढून येतात. त्यात मिसिर वॉट (वॉट म्हणजे दाट रस्सा; ही मसुराची तिखट, लाल डाळ), किक अलिचा (हळद घातलेली वाटाण्याची सौम्य डाळ), गोमेन (लसूण घालून शिजवलेली कोलार्डची पालेभाजी) आणि कोबी-गाजर-बटाट्याची भाजी बहुतेक ठिकाणी असतेच. शिरो वेगळा मागवा. हरभऱ्याच्या किंवा वाटाण्याच्या मसालेदार पिठाचं हे पिठलंच आहे आणि ते मातीच्या भांड्यात रटरटत येतं. इतर दिवशी त्यात नितर किबे, म्हणजे मसाल्यांत कढवलेलं तूप असू शकतं. तुम्हाला तूप चालत असेल तर ते घालूनच घ्या, चव कितीतरी उजवी लागते. वीगन असाल तर तेलातला आहे का, ते विचारा.

तीन सापळे लक्षात ठेवा. ‘बोझेना शिरो’त बीफचे तुकडे असतात. ‘गोमेन बे सिगा’ म्हणजे मांस घातलेली पालेभाजी, आणि नुसतं ‘सिगा’ लिहिलं असेल तर ते बहुधा बीफच समजा. ‘तिब्स’ म्हणजे परतलेलं मांस, त्यात बीफ आहे की मेंढी ते विचारल्याशिवाय कळत नाही. ‘दोरो’ लिहिलं असेल तर चिकन, ‘बेग’ असेल तर मेंढी. डुकराच्या मांसाची काळजी नको, ते तिथले ख्रिस्ती आणि मुसलमान दोघंही खात नाहीत.

मुलाचं चिकन वेगळ्या थाळ्यात मागा. नाहीतर तीनही जणांचं एकाच इंजेऱ्यावर वाढतात आणि रस्सा शोषला जाऊन तुमच्या डाळीपर्यंत पोहोचतो. मुलगा लहान असेल तर दोरो वॉट त्याला झेपणार नाही. ते बेर्बेरे मसाल्यातलं असतं, आणि बेर्बेरेत मुख्य लाल मिरचीच. मेनूत ‘अलिचा’ शब्द शोधा, ते हळदीचं आणि सौम्य असतं. शेजारी आयिब मागवून ठेवा, हे ताजं मऊ चीज जीभ थंड करतं.

कांदा-लसूण अजिबात न खाणाऱ्यांना मात्र हे हॉटेल जवळजवळ बंदच आहे. प्रत्येक वॉटची सुरुवातच कांद्याने होते.

प्रश्न: सगळ्यांनी एकाच थाळ्यात हात घालायचा म्हणे. आईला उष्टं चालत नाही. काय करावं?
(वाचक, लंडन)

उत्तर: वेगळी ताटं मागितली तर कुणी राग धरत नाही, फक्त ऑर्डर देतानाच सांगा. एकदा इंजेऱ्यावर वाढलेलं नीट वेगळं करता येत नाही.

एकत्र जेवणार असाल तर रीत अशी: आधी हात धुवायचे. प्रत्येकाने आपल्या समोरच्या बाजूचंच घ्यायचं, थाळ्यापलीकडे हात न्यायचा नाही. शेजारी गुंडाळून ठेवलेल्या इंजेऱ्याचा दोन-तीन बोटं रुंद तुकडा उजव्या हाताने तोडायचा, भाजीवर टाकायचा आणि अंगठ्याने चिमटीत धरून उचलायचा. तुकडा लहान घेतला की बोटं रश्श्यात बुडतात. नवख्यांचं इथेच चुकतं. बोटं चाटायची नाहीत आणि चावलेला तुकडा परत थाळ्यात न्यायचा नाही. खाली अंथरलेला, रस्सा प्यायलेला इंजेरा शेवटी खायचा. जाणकार त्याच्यासाठीच पोटात जागा ठेवतात.

घरची बाई किंवा शेजारी बसलेले इथिओपियन पाहुणे स्वतःच्या हाताने तुमच्या तोंडात घास देऊ पाहतील. याला गुरशा म्हणतात. घास मोठा असतो, कारण मोठा घास म्हणजे जास्त माया. आईंना नको असेल तर घास पुढे यायच्या आधीच छातीवर हात ठेवून हसून मान हलवावी. समोर आलेला घास ढकलणं अपमानाचं वाटतं.

प्रश्न: मला सिलिॲकचा, म्हणजे गव्हा-जवातलं ग्लुटेन न चालण्याचा, त्रास आहे. इंजेरा तेफचा असतो आणि तेफमध्ये ग्लुटेन नसतं, तर बिनधास्त खाऊ का?
(वाचक, लॉस एंजेलिस)

उत्तर: नाही. तेफमध्ये ग्लुटेन नाही हे खरं, पण इथिओपियाबाहेर तेफ महाग पडतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी पिठात मैदा किंवा जवाचं पीठ मिसळतात. रंगावरून ओळखता येत नाही, कारण तेफ पांढराही असतो आणि तपकिरीही. ‘निव्वळ तेफचा इंजेरा आहे का?’ असं थेट विचारा, आणि तीन-चार दिवस आधीच फोन करा. पीठ आंबायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून तेफचा वेगळा घाणा ते मागणी असेल तरच लावतात. त्याचे थोडे जास्त पैसे पडतात.

पुढचा प्रश्न तव्याचा. मैद्याचे आणि तेफचे इंजेरे एकाच मिताडवर, म्हणजे त्या मोठ्या गोल तव्यावर निघत असतील तर तुमच्यासाठी ते सुरक्षित नाहीत. तेफसाठी वेगळा मिताड आहे का, ते विचारा. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: कॉफीबरोबर कोलो नावाचा भाजका खाऊ देतात, तो मुख्यतः जवाचा असतो. त्याऐवजी पॉपकॉर्न मागा, तेही कॉफीबरोबर देण्याची पद्धत आहे.

प्रश्न: शनिवारी रात्री गेलो तर दोरो वॉट संपलेलं, आणि कॉफीचा विधी ‘आज जमणार नाही’ म्हणाले. टाळाटाळ होती का?
(वाचक, सिल्व्हर स्प्रिंग)

उत्तर: टाळाटाळ नसावी. दोरो वॉटसाठी ढीगभर कांदा बारीक चिरून आधी तेलाशिवायच, मंद आचेवर, पार विरघळेपर्यंत ढवळत शिजवतात. नितर किबे, बेर्बेरे आणि कोंबडी त्यानंतर, आणि उकडलेली अंडी शेवटी. कांद्यालाच तास-दोन तास जातात. घाई केली तर रस्सा दाट होत नाही आणि मसाला कच्चा लागतो. म्हणून घरची मंडळी सकाळी एक मोठं भांडं लावतात. ते संपलं की त्या दिवसापुरतं संपलं. दुपारी जा, नाहीतर फोन करून ठेवा. उशिरा पोहोचलात तर तिब्स मागवा, ते मागणी आल्यावरच परततात.

कॉफीचंही तसंच. हिरव्या बिया धुऊन समोर भाजायच्या, धूर पाहुण्यांपुढे फिरवायचा, कुटायच्या, जेबेनात, म्हणजे मातीच्या सुरईत, उकळायच्या आणि त्याच चोथ्यावर पाणी घालून अबोल, तोना, बराका अशा तीन फेऱ्या द्यायच्या. तासभर तरी घरातलं एक माणूस त्यातच अडकतं, आणि शनिवारी तेच माणूस टेबलं सांभाळत असतं. आठवड्यातल्या एखाद्या दुपारी जा आणि जेवण मागवतानाच कॉफीचं सांगा. जेवण संपल्यावर सांगितलंत तर थांबावं लागेल. पहिली फेरी चांगलीच कडक असते. झोपेची चिंता असेल तर तिसरीची वाट पाहा, पण तिसरीआधी उठू नका. बराका म्हणजे आशीर्वादाची फेरी, ती चुकवणं बरं दिसत नाही.

प्रश्न: उरलेला इंजेरा फ्रिजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशी कडक होऊन फुटला. कसा ठेवावा?
(वाचक, टोरंटो)

उत्तर: कोरा इंजेरा फ्रिजमध्ये ठेवूच नका. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून बाहेरच ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. उन्हाळ्यात बुरशी लवकर धरते. वॉट वेगळ्या डब्यात फ्रिजमध्ये. रश्श्यात भिजलेला इंजेरा बांधून आणू नका, घरी येईपर्यंत त्याचा लगदा होतो. कडक झालेल्याचं फिरफिर करा: कांदा तेलात परतून चमचाभर बेर्बेरे घाला, अर्धी वाटी पाणी ओतून उकळी आणा, गॅस बंद करा आणि मगच इंजेऱ्याचे तुकडे टाकून हलक्या हाताने हलवा. उकळत्या रश्श्यात टाकले तर त्यांचीही पेज होते.