चाचणीत ‘परावलंबी’ आलं, पण अडतंय नेमकं कुठं?

“मुलीनं मोबाइलवर चाचणी भरून घेतली. ५० पैकी ४२ आले आणि खाली लाल अक्षरात ‘तीव्र परावलंबन’. मला मानसिक आजार आहे का ओ?”

विचारणाऱ्या ताई सांगलीच्या विश्रामबागेतल्या. वय ३८, बी.कॉम., नवऱ्याची मार्केट यार्डात हळदीची आडत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी पुण्यात वसतिगृहात तापानं पडली तेव्हा नवरा मालासाठी निजामाबादला होता. दोन दिवस ताई फोन हातात धरून घरातच बसल्या; तो परतल्यावर मग दोघं पुण्याला गेले. चाचणी तिथलीच.

आधी त्या ४२ चं बघू. चाचणीतली सगळी वाक्यं एकाच दिशेची होती: मला आधार लागतो, मी विचारून करते, एकटी राहिले की घाबरते. माणूस भिडस्त असेल तर अशा यादीत सहमत, सहमत करत शेवटापर्यंत जातो. नीट बांधलेल्या चाचणीत काही वाक्यं मुद्दाम उलटी घालतात आणि त्यांचे गुणही उलटे मोजतात. शिवाय एकच बेरीज करून हातात देत नाहीत. परावलंबन मोजणाऱ्या, हर्शफेल्ड आणि सहकाऱ्यांच्या १९७७ च्या प्रश्नावलीत ४८ वाक्यं आहेत आणि भाग तीन: दुसऱ्यावरची भावनिक भिस्त, चारचौघांत आत्मविश्वासाची उणीव आणि स्वायत्ततेचा आग्रह. एखादी बाई पहिल्या भागात खूप वर आणि दुसऱ्यात अगदी खाली असू शकते. एका आकड्यात ते दिसणार नाही.

दुसरी अडचण भाषांतराची. ‘महत्त्वाचा निर्णय दुसऱ्याला विचारून घेते’ या वाक्याला एकत्र कुटुंबात कोण नाही म्हणेल? या ताईंचे यजमान थोरल्या भावाला विचारल्याशिवाय हळदीचा एक सौदा करत नाहीत. त्याला लोक मान ठेवणं म्हणतात. थेट विचारलं की बायकांचे गुण पुरुषांपेक्षा जास्त येतात, अप्रत्यक्ष चाचण्यांत (शाईच्या डागात काय दिसतं, अशा) मात्र हा फरक टिकत नाही, असं संशोधनात दिसलं आहे. पुरुष कबूल कमी करतात, एवढाही त्याचा अर्थ असू शकतो.

आजाराचं म्हणाल, तर ‘अवलंबी व्यक्तिमत्त्व विकार’ ठरवायला डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत, आठ निकष आहेत. त्यांतले किमान पाच लागतात, तेही तरुणपणापासून आणि आयुष्याच्या अनेक अंगांत दिसणारे. निदान मानसोपचारतज्ज्ञानं किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञानं करायचं असतं. या ताई कॉलेजची तीन वर्षं तासगावहून सांगलीला रोज एकट्या एसटीनं येत होत्या. तेव्हा आजाराचा प्रश्न इथंच मागं पडला. अडत काय होतं, हे मात्र मोजायचं राहिलं होतं.

त्यासाठी साधी वही पुरते. एकटीनं करायची बारा कामं लिहायची आणि प्रत्येकापुढं चार रकाने. गेल्या महिन्यात किती वेळा केलं. करताना भीती किती, ० ते १००. हे काम जमायला लागलं तर पुढं काय होईल, त्याची भीती किती, तीही ० ते १००. आणि अडवतंय काय, याचं एक अक्षर: ‘भी’ म्हणजे भीती, ‘मा’ म्हणजे माहिती नाही, ‘पै’ म्हणजे पैसा हातात नाही, ‘म’ म्हणजे मनाई. वही भरताना घरचं कुणी शेजारी नको. यजमान बाहेरच्या खोलीत बसले होते, तेवढ्यानं पहिल्या पानावर सगळीकडे ‘भी’च पडलं. वही पुन्हा भरून घ्यावी लागली.

मग निघालं ते असं: पाच ‘मा’, चार ‘भी’, दोन ‘पै’, एक ‘म’. एटीएममधून ५०० रुपये काढणं शून्य वेळा, कारण खातं ताईंच्या नावावर आणि पिन फक्त यजमानांना माहीत. याला समुपदेशन कशाला, अर्धा तास आणि नवा पिन लागतो. बसनं एकटीनं मिरजेला जाणं: भीती ४०, पुढची भीती १०. पुण्याला जाणं: ८५ आणि ३०. आणि विम्याचा हप्ता व बँकेची कामं: करायची भीती फक्त २५, पण जमलं तर काय, याची ८०.

“एकदा जमलं की सगळं माझ्यावरच टाकतील. मग हे पोचलीस का, जेवलीस का, विचारणार पण नाहीत.”

स्वावलंबनाची भीती म्हणतात ती ही. काम अवघड म्हणून ती वाटत नाही. अडाणीपणाच्या बदल्यात मिळणारी काळजी आटेल म्हणून वाटते. पण ती बाईच्या मनातच उपजते असं समजू नये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मटिना हॉर्नर यांनी १९६८ मध्ये ‘वैद्यकीय वर्गात पहिली आलेली ॲन’ ही गोष्ट विद्यार्थिनींना पुरी करायला दिली. बहुतेकींनी ॲनच्या वाट्याला एकटेपण आणि त्रास लिहिला. पुढं इतरांनी तीच ॲन मुलग्यांना दिली, तर त्यांनीही तिचे हालच लिहिले.

भीतीची चार कामं पायऱ्यांनी घेतली. सुरुवात ३०-४० च्या कामानं. निघण्याआधी काय होईल ते लिहायचं (“चुकीच्या थांब्यावर उतरेन, लोक बघतील”), परतल्यावर खरं काय झालं ते आणि नवा आकडा. आकडा निम्मा होईपर्यंत तेच काम, दोन आठवड्यांत चारेक वेळा.

पहिल्या मिरज फेरीत ताईंनी यजमानांना तीनदा फोन केला. आकडा १५ वर आला, सगळे खूश. पुढच्या वेळी फोन चार्जिंगला राहिला आणि आकडा ४५. पहिल्या फेरीचं श्रेय फोननं नेलं होतं. मग ठरलं, फोन पर्समध्ये बंद आणि एकच फोन, तोही घरी आल्यावर. दुसरी चूक यजमानांची: “मिरज जमलं, आता पुण्यालाच जा.” आणि बँकेचं काम जमल्याबरोबर त्यांनी वीजबिल, घरपट्टी, विमा सगळं एका दमात सोपवलं, म्हणजे ताईंची ८० ची भीती खरी करून दाखवली! म्हणून दोघांना एकत्र बसवून ठरवलं: महिन्याला दोनच कामं हस्तांतरित होतील, आणि ‘पोचलीस का’ हा फोन काम येत असलं तरी यायचाच.

वहीत ‘म’ आणि ‘पै’च जास्त निघाले, किंवा मनाईमागं धमकी-मारहाण असली, तर या पायऱ्या लावू नयेत. नाहीतर जिला अडवलं जातंय तिलाच आपण घाबरट ठरवतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळही येतो. महिला हेल्पलाइन १८१.

या ताईंची वही बारा आठवड्यांनी पुन्हा भरली, तीच बारा कामं. मिरज ५. विमा १०, पुढची भीती ४५. तिच्यावर काम अजून चालू आहे. पुणे ५०, पण एकदा स्वारगेटपर्यंत एकट्या जाऊन आल्या, महिलांच्या अर्ध्या तिकिटात. मुलीनं हौसेनं ती मोबाइलची चाचणी परत भरून घेतली. ५० पैकी ३९.