पाच गुण वाढले; आता विधी शाखेकडे पाठवावे का?

पालकांचे पत्र, संक्षेपाने: माझ्या मुलीला बारावी कला शाखेत ६०० पैकी २६६ गुण मिळाले. तिने स्वतःच उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली, एका उत्तराला गुणच दिलेले नाहीत हे दाखवून पुनर्मूल्यांकन करून घेतले आणि बेरीज २७१ झाली. आता तिला वकील आणि पुढे न्यायाधीश व्हायचे आहे. आम्ही खुल्या प्रवर्गात आहोत. एवढ्या कमी गुणांवर हा मार्ग धरू द्यावा का? वकिली करणारे माझे मेहुणे म्हणतात, ‘सनद (वकिली करण्याचा परवाना) हातात आली की गुण कोण विचारतो?’

स. न. वि. वि.

वाढलेल्या पाच गुणांचा उल्लेख आपण जाता जाता केला आहे. मला मात्र पत्रातील तोच तपशील सर्वांत मोलाचा वाटला. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिली व्यवसायाच्या नियामक संस्थेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला बारावीत किमान ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांना ४२ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. ६०० चे ४५ टक्के म्हणजे २७०. याचा अर्थ २६६ गुणांवर आपल्या मुलीला जो अर्ज करताच आला नसता, तो २७१ गुणांवर करता येतो.

तिने बजावलेला हा हक्क विद्यार्थ्यांना फार पूर्वीपासून होता असेही नाही. पुनर्मूल्यांकन करण्यास आणि उत्तरपत्रिका दाखवण्यास मनाई करणारा महाराष्ट्राच्या मंडळाचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला होता, पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा वैध ठरवला. पुढे माहिती अधिकाराचा कायदा आला आणि ऑगस्ट २०११ मध्ये त्याच न्यायालयाने, विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि तिची प्रत मिळवण्याचा अधिकार आहे, असा निर्णय दिला. मधल्या काळात कायदा बदलला, म्हणून निकालही बदलला. हा इतिहास मुलीला अवश्य सांगा. ज्या विषयाचा अभ्यास ती करू पाहते आहे, त्याचा पहिला धडा तिने नकळत गिरवला आहे.

आता मेहुण्यांच्या म्हणण्याविषयी. ते अर्धे खरे आहे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात सनदेसाठी मान्यताप्राप्त पदवी लागते, तिच्यातील टक्केवारी विचारली जात नाही. वकिली करण्यासाठी अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते आणि तिचे स्वतःचे किमान गुण आहेत, परंतु बारावीत किती पडले होते याच्याशी तिचा संबंध नाही. तालुका न्यायालयात दावा घेऊन येणारा पक्षकार तर गुणपत्रिका मागतच नाही. उरलेले अर्धे असे की, विधी क्षेत्रातील काही वाटांवर गुण पुन्हा आडवे येतात. एलएल.एम. करून प्राध्यापक व्हायचे असेल, तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात, आणि मोठ्या लॉ फर्म उमेदवार निवडताना सेमिस्टरचे गुण पाहतात. म्हणून बारावीचे गुण आता विसरावेत, पण विधी महाविद्यालयातील पहिल्या सेमिस्टरचे गुण विसरू नयेत, असे मी म्हणेन.

राज्यातील केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत गुणवत्ता यादी सीईटी या राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर लागते; बारावीचे २७१ गुण केवळ पात्रतेपुरते. मुलीने यंदा सीईटी दिली आहे की नाही, हे आपण लिहिलेले नाही. दिली नसेल, तर बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊन पुढील वर्षी ती द्यावी. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही देशपातळीवरील वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिथे चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो आणि उताऱ्यांचे इंग्रजी वाचन पुष्कळ असते. केवळ पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा हट्टही नको. पदवीला ४५ टक्के मिळवून तीन वर्षांचा अभ्यासक्रम केला, तर एकूण सहा वर्षे लागतात; एक वर्ष अधिक जाते, पण विषयाची समज पक्की होते. मुलीची तयारी असेल, तर पाच वर्षांचा मार्ग मला अधिक योग्य वाटतो.

न्यायाधीश होण्याबाबत थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे नियम नुकताच बदलला आहे. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीवरील पदासाठी नव्या विधी पदवीधराला सर्व परीक्षा पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होऊन अंतिम वर्षी किमान ५५ टक्के मिळवण्याच्या अटीवर, वकिलीच्या अनुभवाशिवाय अर्ज करता येत असे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट देशभर पुन्हा लागू केली; हा काळ बार परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून नव्हे, तर वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजला जाईल, असेही स्पष्ट केले. त्यामुळे आज बारावी झालेल्या मुलीने पाच वर्षे शिक्षण आणि तीन वर्षे प्रत्यक्ष न्यायालय, एवढा काळ धरूनच आखणी करावी. ही तीन वर्षे आर्थिकदृष्ट्या ओढग्रस्तीची असतात, कारण ज्येष्ठ वकिलाकडे ज्युनिअर म्हणून मिळणारे मानधन बहुधा तुटपुंजे असते. त्या वर्षांसाठी घरातून आधार देण्याची तयारी आहे का, याचा विचार आपण आजच करावा. मला तो बारावीच्या टक्केवारीहून अधिक निर्णायक वाटतो. सनदेच्या शुल्काचा भार मात्र आता हलका झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानुसार राज्यांच्या बार कौन्सिलना खुल्या प्रवर्गाकडून नोंदणीसाठी ७५० रुपयांपेक्षा अधिक घेता येत नाहीत.

भाषेबद्दल एक सूचना. आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत मराठी चालते, उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. आपली मुलगी मराठीतून शिकली असेल, तर तिने रोज एक निकालपत्र इंग्रजीतून वाचून त्याचा सारांश मराठीत लिहावा. सुरुवात २०११ च्या त्या उत्तरपत्रिकेच्या निकालापासूनच करावी; विषय ओळखीचा असल्याने भाषा जड वाटणार नाही.

प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी सुधारित गुणपत्रिका हाती घ्या आणि अर्जात २७१ हेच गुण लिहा. सवयीने जुनी गुणपत्रिका जोडली गेली, तर अर्ज पडताळणीतच बाद होईल.

आपला,
करिअर मार्गदर्शक