चौथ्या पिढीच्या आय-५ सोबत जुने जीटीएक्स १०६० घ्यावे की आरएक्स ५८०?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: कोअर आय-५ ४५९० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), १०८०पी व ६० हर्ट्‌झचा मॉनिटर. नवे मशीन घेणे सध्या शक्य नाही, म्हणून गेमिंगसाठी जुने (सेकंडहँड) ग्राफिक्स कार्ड म्हणून एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६० (६ जीबी) घ्यावे की एएमडीचे आरएक्स ५८० (८ जीबी), असे तुम्ही विचारले आहे. मी ही दोन्ही कार्डे हाताळली आहेत. १०६० माझ्या मशीनमध्ये २०१७ पासून पाच वर्षे होते आणि ५८० मी २०२३ मध्ये धाकट्या भावासाठी वापरलेले घेतले. माझे मत आधीच सांगतो. एसएमपीएस खात्रीचा असेल, किंवा तो बदलायची तयारी असेल, तर आरएक्स ५८० घ्या. तसे नसेल तर ५८० चा विचार करू नका. या दोन चिपांच्या वेगात जेवढा फरक आहे, त्यापेक्षा मोठा फरक तुमच्या कॅबिनेटमधल्या त्या डब्यामुळे पडणार आहे.

कॅबिनेटची बाजू उघडा आणि एसएमपीएसवरचे लेबल वाचा. ४५० हा आकडा बाजूला ठेवून १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोघांचे जवळपास सगळे काम त्याच लाइनवर चालते. समजा तिथे १८ अँपिअर आहेत. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर असा आकडा हमखास दिसतो. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. तुमच्या प्रोसेसरचा टीडीपी (पूर्ण भारावर लागणारी साधारण वीज) ८४ वॅट आहे, आरएक्स ५८० चा १८५ वॅट. बेरीज २६९ होते, म्हणजे डिस्क आणि पंखे जमेस धरण्याआधीच मर्यादा ओलांडली जाते. त्यातही निरनिराळ्या कंपन्यांनी क्लॉक (चिपचा वेग) वाढवून विकलेली ५८० कार्डे प्रत्यक्षात २०० वॅटच्या वर जातात. १०६० चा टीडीपी १२० वॅट आहे, बेरीज २०४. कागदावर हे बसते, पण १२ वॅटच्या फरकावर रोज तीन-चार तास मशीन चालवणे मला योग्य वाटत नाही. लेबलावर ३० अँपिअर किंवा त्याहून अधिक असतील आणि डबा नावाजलेल्या कंपनीचा असेल तर दोन्ही कार्डे निर्धास्त चालतील. एनव्हिडिया १०६० साठी किमान ४०० वॅटचा आणि एएमडी ५८० साठी ५०० वॅटचा एसएमपीएस सुचवते, हेही ध्यानात ठेवा.

वीजजोडणीही तपासून घ्या. १०६० च्या साध्या मॉडेलला एक सहा पिनांची केबल लागते, ५८० ला बहुधा आठ पिनांची. आठ पिनांची केबलच नसेल, तर तो एसएमपीएस अशा कार्डासाठी बनवलेलाच नाही असे समजावे. मोलेक्सवरून (चार पिनांच्या जुन्या जोडणीवरून) आठ पिना काढून देणारे अडॅप्टर दुकानात मिळतात, परंतु त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्या पातळ तारा तापून वितळलेल्या मी पाहिल्या आहेत. घरी ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर त्याची क्षमता साधारण ३६० वॅट असते आणि तेवढ्यात मॉनिटरही धरायचा असतो. वीजबिलाची चिंता मात्र फारशी करू नका: ६५ वॅटचा फरक, रोज तीन तास, महिन्याचे सहा युनिटसुद्धा होत नाहीत.

आता कार्डांविषयी. जीटीएक्स १०६० जुलै २०१६ मध्ये आले: १२८० कुडा कोअर (चित्राची गणिते करणारे छोटे घटक), १९२ बिटचा मेमरी बस, सेकंदाला १९२ जीबी बँडविड्थ (मेमरीशी माहितीची ये-जा करण्याचा वेग). आरएक्स ५८० एप्रिल २०१७ मध्ये आले. ते मूळच्या आरएक्स ४८० चेच वाढीव क्लॉकचे रूप आहे: २३०४ शेडर (एएमडीचे तसेच घटक), २५६ बिटचा बस, सेकंदाला २५६ जीबी. कोअर आणि शेडर यांची संख्या दोन कंपन्यांमध्ये सरळ ताडून पाहता येत नाही, म्हणून ५८० दुपटीने वेगवान असेल असा समज करून घेऊ नका. १०८०पी वर दोन्ही एकाच पातळीची कार्डे आहेत. डायरेक्टएक्स ११ (गेम आणि कार्ड यांना जोडणारी प्रणाली) वरच्या जुन्या गेम्समध्ये १०६० थोडे पुढे राहते, तर डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन या नव्या प्रणालींवर ५८० पुढे जाते. यामागचे एक कारण तुमच्या मशीनला थेट लागू होते. डायरेक्टएक्स ११ मध्ये एएमडीचा ड्रायव्हर प्रोसेसरच्या एकाच थ्रेडवर (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) जास्त भार टाकत असे, आणि तुमच्या प्रोसेसरला चार कोअर व चारच थ्रेड आहेत. त्यामुळे २०१२ ते २०१६ च्या काळातले, गर्दीच्या शहरांतून गाडी पळवायला लावणारे गेम हीच तुमची मुख्य आवड असेल, तर १०६० वर फ्रेम अधिक स्थिर मिळतील.

असे असूनही मी ५८० सुचवतो, आणि त्याचे कारण मेमरी आहे. शेडर कमी पडले तर सावल्या आणि प्रकाशाच्या सेटिंग कमी करून मार्ग निघतो. व्हिडिओ मेमरी भरली की टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) रॅममधून पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या, वाटेने आणावे लागतात आणि ती वाट कार्डावरच्या मेमरीपेक्षा दहा-पंधरा पटींनी अरुंद आहे. सरासरी फ्रेमरेट साठ दाखवत असतो, पण वळणावर चित्र अडखळते. माझ्या १०६० वर शेवटच्या वर्षात मला याचाच सर्वाधिक त्रास झाला. टेक्श्चर ‘हाय’वर ठेवून खेळायचे असेल तर जादाचे दोन जीबी खरोखर उपयोगी पडतात. याच कारणासाठी १०६० चा ३ जीबीचा प्रकार आणि ५८० चा ४ जीबीचा प्रकार आज घेऊ नये. १०६० च्या ३ जीबीच्या प्रकारात तर कोअरही कमी, म्हणजे ११५२ आहेत. नाव सारखे असले तरी ते वेगळे कार्ड आहे.

तुम्ही फक्त गेमिंगविषयी विचारले आहे; परंतु घरात कोणी ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचे सॉफ्टवेअर) शिकत असेल तर निर्णय उलटा करा. ब्लेंडरने ३.० आवृत्तीपासून ओपनसीएल (५८० सारखी कार्डे ज्यामार्फत रेंडरिंग करत ती प्रणाली) काढून टाकले आणि ५८० वर सायकल्स या त्याच्या इंजिनाचे रेंडरिंग होईनासे झाले. १०६० वर ते एनव्हिडियाच्या कुडा प्रणालीमुळे चालते. गेम रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचे असतील तरीही १०६० चा एन्कोडर (व्हिडिओ साठवताना आकुंचित करणारा भाग) अधिक चांगले चित्र देतो. लिनक्स वापरत असाल तर ५८० चे मुक्त ड्रायव्हर फार समाधानकारक आहेत.

दोन्ही कार्डांचे आयुष्य आता उताराला लागले आहे. एनव्हिडियाने या पिढीसाठी नव्या गेम्सचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले असून ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेचे अपडेट मिळतील. एएमडीने ५८० ची पिढी २०२३ च्या अखेरीस मुख्य ड्रायव्हरमधून वेगळी काढली. डूम: द डार्क एजेससारखे जे गेम रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचे गणित करणारे) हार्डवेअर मागतातच, ते विंडोजवर या दोन्हींपैकी कशावरही चालणार नाहीत. व्हॅलरंट, काउंटर-स्ट्राइक २ आणि २०२० पर्यंतचे बहुतेक गेम मात्र दोन्हींवर उत्तम खेळता येतात.

खरेदीच्या वेळी सर्वांत जास्त जपावे लागते ते ५८० बाबत. इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवरचे मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये संपले आणि त्यानंतर वर्षानुवर्षे अहोरात्र चाललेली ५८० कार्डे मोठ्या संख्येने बाजारात आली. भावासाठी घेतलेले कार्ड दुकानात पाच मिनिटे व्यवस्थित चालले. घरी आणल्यावर मात्र गेम सुरू करून वीस मिनिटे झाली की पडदा काळा होई. तपासले तेव्हा कळले की मायनिंगसाठी त्याच्या बायोसमधले (कार्डावरच्या मूळ प्रोग्रॅममधले) मेमरी टायमिंग बदललेले होते. मूळ बायोस पुन्हा टाकला, थर्मल पेस्ट बदलली, तेव्हा ते सुधारले आणि आजही चालू आहे. पण प्रत्येक कार्ड असे परत येत नाही. म्हणून विक्रेत्याकडे किमान अर्धा तास मागा आणि युनिजिन हेवन ही कार्डावर भार टाकणारी चाचणी लावून ठेवा. त्याच वेळी एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये मेमरी एरर शून्यावरच राहतात का ते पाहा. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शेडरची संख्या वाचा: २३०४ हवी. २०४८ दिसली तर ते ५८० च्या नावाने विकले जाणारे २०४८एसपी आहे, म्हणजे गुणाने आरएक्स ५७०, आणि किंमतही तेवढीच द्यावी. १०६० च्या नावाने फार जुन्या चिपांची बनावट कार्डेही फिरतात. जीपीयू-झेड त्यांतली बरीचशी ओळखून तसे स्पष्ट दाखवते.

कोणी आरएक्स ६५०० एक्सटी किंवा इंटेल आर्क सुचवेल. पहिले कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या चारच लेन वापरते आणि तुमच्या ३.० च्या मदरबोर्डवर त्याचे नुकसान होते. दुसऱ्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि तो या मदरबोर्डवर मिळत नाही. १०६० आणि ५८० सोळा लेनची कार्डे असल्याने तुमच्या मशीनवर त्यांचे काही अडत नाही. मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर दोन्ही कार्डांसाठी अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर घ्यावा लागेल, कारण अ‍ॅनालॉग आउटपुट दोघांतही नाही.

एसएमपीएसच्या लेबलावरचे १२ व्होल्टचे अँपिअर आणि उपलब्ध केबलच्या पिना इथे लिहाल तर तोच ठेवता येईल की बदलावा लागेल, हे मी नेमके सांगू शकेन. तोपर्यंत कोणत्याही कार्डासाठी आगाऊ रक्कम देऊ नका.