ऑफिसमधलं राजकारण आणि साहेबांचा जाच असह्य झालाय. सोसत राहू की नोकरी सोडू?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या एका खासगी कंपनीत तुम्हाला सव्वाचार वर्षं झाली. साहेब सगळ्यांदेखत पाणउतारा करतात, तुमचं काम दुसऱ्याच्या नावावर खपतं आणि एचआरकडे गेलात तर ‘जरा ॲडजस्ट करा’ एवढंच ऐकायला मिळालं. शेवटी लिहिलंय की रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येतो. ते वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो, कारण तो गोळा मी दोन वर्षं पोटात घेऊन वावरलोय.

चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी सहा वर्षं क्वालिटीला होतो. पहिली चार वर्षं छान गेली. मग साहेब बदलले आणि येताना आपली दोन माणसं घेऊन आले. सकाळी ते तिघं टपरीवर चहाला जायचे. साडेनऊच्या मीटिंगला आम्ही बसेपर्यंत कोणावर खापर फोडायचं हे ठरलेलं असायचं.

एका शनिवारी संध्याकाळी बुशचा, म्हणजे मधे भोक असलेल्या धातूच्या छोट्या नळ्यांचा, लॉट निघायचा होता. मी प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायचं साधन, लावलं तर नो-गोची बाजू, जी आत जायलाच नको, ती काही पीसमध्ये सरळ आत जात होती, म्हणजे भोक मापापेक्षा मोठं. मी लॉट थांबवला. साहेब खाली आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “ट्रक उभा आहे रे, सोड. मी बघतो कस्टमरचं.” मी डेविएशनवर, म्हणजे मापाबाहेरचा माल सोडायच्या लेखी परवानगीवर, त्यांची सही मागायला हवी होती. मागितली नाही. तपासणीच्या रिपोर्टवर माझी सही करून माल सोडला.

बारा दिवसांनी कस्टमरकडून तक्रार आली, मागोमाग डेबिट नोट, म्हणजे नुकसानीचे पैसे आमच्याकडून कापल्याचा कागद. प्लँट हेडसमोर साहेब एवढंच म्हणाले, “क्वालिटीने पास केलं होतं.” खोटं नव्हतंच ते, कागदावर माझीच सही होती. पंधरा जणांच्या त्या खोलीत, शनिवारी माझ्या शेजारी उभे असलेले दोघे टेबलाकडे बघत राहिले. त्या वर्षी इन्क्रिमेंट गेलं. त्याहून वाईट म्हणजे आपण खरंच बेजबाबदार आहोत असं मला वाटायला लागलं.

त्यातून एक गोष्ट शिकलो आणि तुम्हालाही तीच सांगतो: राजकारण तोंडी शब्दांवर जगतं, त्याला कागदावर आणा. साहेबांनी तोंडी काही सांगितलं की जागेवर परतल्या परतल्या दोन ओळींची मेल टाका. ‘ॲज डिस्कस्ड’ने सुरुवात करायची, काय करायला सांगितलं ते लिहायचं आणि ‘काही वेगळं असल्यास कळवावे’ म्हणून संपवायचं. तक्रारीचा सूर नको, टोमणा तर मुळीच नको. मी हे सुरू केल्यावर महिनाभरात साहेब मला तोंडी काही सांगायचेच बंद झाले. संबंध आणखी ताणले, हे खरं. पण त्यानंतर माझ्या नावावर खोटं काही चढलं नाही. तुमचं काम दुसरा आपलं म्हणून दाखवतो, त्यावरही हाच इलाज. मीटिंगच्या आदल्या दिवशी फाइल तुम्हीच, तुमच्या मेलवरून, संबंधित सगळ्यांना पाठवा.

जोडीला घरी एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, कोण हजर होतं आणि नेमके शब्द, एवढंच लिहायचं. ‘त्रास देतात’ असं लिहून उपयोग नाही. एक सावधगिरी मात्र घ्या: कंपनीची कागदपत्रं, ड्रॉइंग किंवा गिऱ्हाइकांची माहिती स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नका. तुमची बाजू कितीही खरी असली तरी तोच मुद्दा पुढे करून तुम्हाला काढता येतं.

एचआरकडे पुन्हा जायचं तर लेखी जा, तीन-चार तारखांनिशी. एचआरचा पगार कंपनी देते, त्यामुळे ‘मला वाईट वाटतं’ यावर तिथे काही हलत नाही. तारखा असल्या की त्यांना उत्तर टाळणं अवघड जातं. त्रासाचं स्वरूप लैंगिक असेल आणि तुम्ही स्त्री असाल तर मार्ग वेगळा आहे. 2013च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते.

आता नोकरी सोडण्याबद्दल. सोडा, पण राजीनामा तोंडावर फेकून नको. पेपर टाकण्याआधी दुसरं ऑफर लेटर हातात हवं. नेमणूकपत्र काढून नोटीस पीरियड वाचा. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकावर, नव्या कंपनीत ट्रान्सफर करा. शिवाय तुमची सव्वाचार वर्षं झालीत. कायम नोकरीत सलग 5 वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, हक्क लागतो. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता भागिले 26, गुणिले 15, गुणिले पूर्ण वर्षं. माझा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000 होता, म्हणजे वर्षाला 15,000, आणि सहा वर्षांचे 90,000 मिळाले. तेवढ्यात धाकट्या बहिणीच्या लग्नाचा हॉलचा खर्च निघाला. नऊ महिने निभावता येत असतील तर ही रक्कम सोडू नका. पण तब्येत ढासळत असेल तर ग्रॅच्युइटीसाठी एक दिवसही थांबू नका.

तब्येतीचं मी स्वतः उशिरा ओळखलं. झोप उडाली होती, ॲसिडिटीच्या गोळ्या रोजच्या झाल्या होत्या, तरी मला ते कामाचं टेन्शनच वाटत होतं. एका रात्री जेवताना मुलीच्या हातून पाण्याचा ग्लास सांडला आणि मी ओरडलो, “डोकं कुठे ठेवलंयस?” हे साहेबांचं वाक्य होतं, त्यांच्याच आवाजात. ती सहा वर्षांची. तिने काही न बोलता फ्रॉकच्या टोकाने जमीन पुसायला घेतली. बायकोने तिला उचललं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या रात्री मी रेझ्युमे उघडला.

तुमच्याकडे गोष्टी इथवर यायच्या आधी कोणाशी तरी बोला. घरी बोलायला जड जात असेल तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. मी डॉक्टरकडे गेलो होतो, त्याची मला लाज वाटत नाही.

नवी नोकरी मिळायला मला पाच महिने लागले. दोन ठिकाणी नकार आला. पण बाहेर पडायचं ठरल्यापासून त्याच ऑफिसात, त्याच माणसांत मला शांत बसता यायला लागलं. साहेब बोलायचे तेव्हा मी मनात उरलेले आठवडे मोजायचो.

नव्या कंपनीत पहिल्याच महिन्यात असाच एक ट्रक उभा होता आणि असाच एक लॉट मापाबाहेर निघाला. मी डेविएशनचा कागद पुढे केला तेव्हा हात थरथरत होता. तिथल्या साहेबांनी कागद बाजूला ठेवला, गेज मागून घेतलं, स्वतः चार पीस तपासले आणि ड्रायव्हरला माल खाली उतरवायला सांगितलं.