लडाखचा समुद्रतळ आणि सह्याद्रीचा कातळ

प्रश्न : कारगिलहून लेहला जाताना शेरगोल गावाजवळ गडद हिरवे-काळे खडक दाखवून ‘हा एकेकाळचा समुद्रतळ आहे’ असे आम्हांला सांगण्यात आले. आमच्या सातारा जिल्ह्यातला कातळही काळाच आहे. मग तोही समुद्रतळच समजायचा काय? आणि समुद्राचा तळ हिमालयात चढला कसा? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपला कातळ समुद्रतळ नव्हे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. घाटातल्या कड्यांत दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा जो पट्टा दिसतो, तो खालचा थर बराच काळ उघड्या हवेत झिजत राहिल्याची खूण आहे. त्या वेळी भारताचा भूखंड आशियापासून दूर होता आणि दोहोंच्या मध्ये टेथिस समुद्र होता.

त्या समुद्राच्या तळाचे अवशेष लडाखमध्ये आहेत. पूर्व लडाखमधील निदर येथे तर तळाचा जवळजवळ पूर्ण छेद पाहायला मिळतो. लाव्हा पाण्याखाली बाहेर पडला की त्याचे कवच तत्काळ गोठते, आतला रस ते फोडून पुन्हा पुढे सरकतो आणि लोडासारखे गोलसर गठ्ठे एकमेकांवर रचले जातात. निदरच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकामध्ये, असे गठ्ठे आहेत. त्यांच्यासोबत रेडिओलेरिया या सूक्ष्म सागरी जीवांच्या सांगाड्यांपासून बनलेला चर्ट हा कठीण खडक आढळतो, बेसाल्टखाली गॅब्रो (तोच रस खोलवर सावकाश थिजून झालेला खडक) आणि त्याखाली थेट प्रावरणातून, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातून, आलेला पेरिडोटाइट हा खडक. याच पेरिडोटाइटमध्ये पाणी मुरले की त्याचा गुळगुळीत, तेलकट चमक असलेला हिरवा सर्पेंटिनाइट होतो. शेरगोलच्या खडकांना हिरवी झाक आहे ती बहुतांशी त्यामुळेच.

आता हे खडक वर कसे आले ते पाहू. सागरी कवच, म्हणजे समुद्रतळाचा खडक, भूखंडापेक्षा जड असल्यामुळे टेथिसचा तळ उत्तरेकडे आशियाच्या कडेखाली खचत गेला, आणि खोलवर त्यातून सुटलेल्या पाण्यामुळे वरचे प्रावरण वितळून जो शिलारस तयार झाला, त्यातूनच लेह शहराच्या पाठीशी उभ्या असलेल्या रांगेचा ग्रॅनाइट घडला. तळाचा बहुतेक सगळा भाग अशा रीतीने पोटात गेला. वर राहिले ते केवळ खरवडून निघालेले तुकडे. भारताची कड येऊन भिडल्यावर हे तुकडे दोन भूखंडांच्या मध्ये चेपले गेले, आणि काही तर भारताच्या कडेवर सरकून बसले. झंस्कारमधील स्पोंगटांग येथे सागरी खडक हे भारतीय भूखंडाच्या उथळ समुद्रात साचलेल्या चुनखडीच्या वर पडून आहेत, म्हणजे समुद्राचा तळ वर आणि भूखंडाचे खडक खाली. मला स्वतःला या टकरीचा यापेक्षा ठळक पुरावा दुसरा वाटत नाही.

हलका भूखंड खाली जात नाही, असे पाठ्यपुस्तकात वाचायला मिळते. ते पुरते खरे नाही. त्सो मोरिरी सरोवराजवळच्या खडकांत गार्नेटच्या स्फटिकांमध्ये कोएसाइट हे खनिज (क्वार्ट्झचे अतिदाबाखाली बनणारे रूप) सापडले आहे, आणि ते सुमारे ९० किलोमीटर खोलीवरच्या दाबाशिवाय तयार होत नाही. हे खडक भारताच्याच कडेचे आहेत. जड सागरी कवचाला जोडलेली ही कड त्याच्यामागोमाग तेवढी खोल ओढली गेली आणि नंतर हलकेपणामुळे पुन्हा वर आली.

ही टक्कर केव्हा झाली, हे मुख्यतः झंस्कारच्या चुनखडीवरून कळते. तिच्यातील सर्वांत वरच्या थरांत न्युम्युलाइट या चपट्या, वर्तुळाकार सागरी जीवांचे जीवाश्म आहेत. या थरांचे वय सुमारे ५ कोटी वर्षे असून त्यांच्यानंतर तेथे सागरी गाळ साचलेला नाही. म्हणजे त्याच सुमारास मधला समुद्र मिटला आणि टक्कर झाली.