माझे हात मोठे आहेत. खिशात मावेल असा लहान घडीचा चाकू कोणता घ्यावा?

लहान चाकू घेऊच नका, लहान पात्याचा घ्या. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला तर्जनीला चार टाके पडल्यावर कळलं.

पातं तीन इंचांच्या आत हवं, खिसा ओघळायला नको, आणि दुकानात हातात घेतलेला प्रत्येक लहान चाकू मुठीत हरवून जातो, असं तुम्ही लिहिलंय. शेवटी विचारलंय, ‘की मलाच नीट धरता येत नाही?’ मॉडेलं सांगते, पण तुमच्या या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले आहे. हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकतेय.

मी बॅकस्टेजला काम करते. दोर, कॅनव्हास, पुठ्ठा, चिकटपट्टी, वायरीचे टाय, दिवसभर काही ना काही कापायचं असतं. माझा पंजा अंगठा सोडून चार बोटांवर मोजला तर बरोबर १० सेंटिमीटर भरतो, बोटं जाड आहेत. बाईच्या हातांना लोक ‘मोठे’ म्हणत नाहीत, ‘राकट’ म्हणतात. पहिली नोकरी लागली तेव्हा दादाने मला घडीचा चाकू भेट दिला. प्रेमाने दिला, निवडून दिला. मिटल्यावर ८ सेंटिमीटरच्या आसपास, मूठ जेमतेम ९ मिलिमीटर जाड, दोन्ही बाजूंना गुळगुळीत, उघडलेलं पातं अडकवून ठेवणारा लॉक नाही. म्हणाला, ‘तुला शोभेलसा नाजूक घेतलाय.’ माझ्या हाताकडे त्याने त्या दिवशी पाहिलंच नव्हतं. ‘बहिणीसाठी’ एवढंच डोक्यात ठेवून तो दुकानात गेला होता.

चार महिने तो मी वापरला. प्रत्येक वेळी करंगळी हवेत आणि अनामिका मुठीच्या टोकावर अर्धी. ८ सेंटिमीटरची मूठ सगळीच्या सगळी धरायला मिळत नाही, हे लक्षात घ्या. पुढचा एक सेंटिमीटर पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्याजवळचा, तिथे बोट ठेवलं तर ते धारेच्या दारातच. उरले सात. माझ्या सातात अडीच बोटं बसतात. अडीच बोटांनी धरलेली वस्तू फिरू नये म्हणून माणूस ती जिवाच्या आकांताने आवळतो. मूठ पातळ असली की तोच जोर तळहाताच्या चिंचोळ्या पट्टीवर येतो, म्हणून संध्याकाळी अंगठ्याच्या बुडाशी लाल वळ उठलेला असायचा. मला वाटायचं, सवय होईल.

मग एका प्रयोगाच्या आदल्या रात्री प्लास्टिकच्या जाड डब्याच्या झाकणाला वायर जाण्यापुरतं भोक पाडायचं होतं. टोक खुपसलं, ते दोनेक सेंटिमीटर आत गेलं आणि रुतलं. बाहेर काढायला मी मूठ वर-खाली हलवली. आता नीट बघा काय होतं ते. टोक प्लास्टिकने धरून ठेवलंय, धार खाली आहे. मूठ वर गेली की पातं आणखी उघडू बघतं, तिथे आतली अडण त्याला थोपवते, काही होत नाही. मूठ खाली गेली की मात्र पातं आणि मूठ यांच्यातला खालचा कोन मिटायला लागतो, आणि बिनलॉकच्या चाकूत त्याला अडवायला फक्त पाठीची एक स्प्रिंग असते. मागची दोन बोटं मुठीवर असती तर ती मूठ खाली झुकताना मला हाताला कळली असती. ती हवेत होती. खट्कन आवाज आला, पातं अर्ध्यावर मिटलं आणि तर्जनी मध्ये होती.

दादा दवाखान्यात आला, टाके पडेपर्यंत शेजारी बसला, घरी सोडताना म्हणाला, ‘चाकूला काय दोष आहे? तू हातोडा धरतेस तसा धरतेस. हातच तुझे तसे.’

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. मूठ हाताच्या मापाची असायला हवी. चपलेबाबत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आठ नंबरच्या पायात सहा नंबरची चप्पल घालून ठेच लागली तर पायाला दोष देत नाहीत.

तर तुमचं. चाकूंच्या माहितीत सगळ्यात मोठ्या अक्षरात पात्याची लांबी आणि स्टीलचं नाव छापलेलं असतं. स्टीलवर लोक रात्र-रात्र वाद घालतात. मोठ्या हाताच्या माणसाने तो वाद सोडून द्यावा. साधं स्टील असेल तर दगडावर चार वेळा जास्त पाजळावं लागेल, एवढंच. पातळ मूठ कुठल्याही दगडावर जाड होत नाही. तुम्ही मुठीची जाडी शोधा, ती बहुतेक वेळा अगदी खाली बारीक अक्षरात असते. माझ्या मते १३ मिलिमीटरच्या खाली बघूच नका. लांबी दुय्यम आहे. साडेआठ सेंटिमीटरची जाडसर, मध्ये फुगीर मूठ माझ्या हातात १० सेंटिमीटरच्या चपट्या मुठीपेक्षा स्थिर राहते, हे मी रोज अनुभवते.

दुसरी गोष्ट पात्याच्या बुडाशी, धार सुरू होण्याआधी, तर्जनी बसेल एवढी अर्धगोल खाच. ही खाच असली की तुमचं पहिलं बोट मुठीवर न राहता पात्याच्या बिनधारी बुडावर जातं आणि मागच्या तिघांना सगळी मूठ मोकळी मिळते. शिवाय पातं मिटायला लागलंच तर पहिल्यांदा ते बिनधारी बूडच बोटावर येतं. स्पायडर्को कंपनीचा ड्रॅगनफ्लाय हा चाकू याच युक्तीवर चालतो. मिटल्यावर साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास, पातं ६ सेंटिमीटरच्या आत, आणि तरी माझी चारही बोटं त्यावर टेकतात. करंगळी काठावर असते, पण टेकते. फोटोत तो खेळण्यासारखा दिसतो, त्यावर जाऊ नका. मूठ मात्र त्याची पातळच, तेव्हा दिवसभर पुठ्ठा कापायचा असेल तर तो नको. पाकिटं, दोऱ्या, फळं यांना उत्तम.

मूठ भरलेली हवी असेल तर ओपिनेल कंपनीचे चाकू बघा, त्यांची मापं नंबरांत असतात. लाकडी, गोलसर, पोटात फुगलेली मूठ. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या तीन इंचांच्या बाहेर, मूठ ११. तुम्हाला दोन नंबर खाली यावं लागेल, तरी गोलाईमुळे हात भरतो. मुठीच्या तोंडाशी असलेली कडी फिरवून पातं अडकवायची पद्धत त्यांनी १९५५ साली आणली आणि जाड बोटांना ती फार सोयीची आहे, कारण पात्याच्या वाटेत अंगठा घालावाच लागत नाही. एक सांगून ठेवते. लाकूड ओलं झालं की फुगतं आणि पातं आत घट्ट बसतं. मग नखाने ओढत बसू नका. कडी मोकळी आहे ना ते बघा आणि मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकेच ठोका, पातं थोडं बाहेर येतं.

व्हिक्टोरिनॉक्स कंपनीच्या, मिटल्यावर ९१ मिलिमीटर भरणाऱ्या लाल चाकूंबद्दल सगळे म्हणतात, कमी अवजारांचा घ्या, सडपातळ असतो. मोठ्या हातांनी नेमकं उलटं करावं. कात्री, करवत असा एकेक थर वाढला की मूठ जाड होते, आणि तीच जाडी आपल्याला हवी असते. वजन वाढतं, खिशात ते जाणवतं, पण हातात चाकू फिरत नाही. या मापात मुख्य पात्याला लॉक नसतो, तो त्यांच्या १११ मिलिमीटरवाल्यांत मिळतो. ५८ मिलिमीटरचा किल्ल्यांना लावायला छान आहे, पण त्याला मी तुमच्यासाठी चाकू म्हणणार नाही.

लॉकचं म्हणाल तर लायनर लॉक जाड अंगठ्याला त्रास देतो. आतली पट्टी बाजूला ढकलायला अंगठा मुठीच्या फटीत घालायचा आणि तो तिथे असतानाच पातं मिटवायला सुरुवात करायची. लहान चाकूत ती फट एवढीशी असते की माझं अंगठ्याचं अर्धं पेर बाहेरच राहतं. पाठीवर दाबायचा लॉक बरा, मात्र मिटवताना दोन्ही हात वापरा. उघडण्यासाठी शक्यतो नखाची खाच टाळा, पात्याला गोल भोक किंवा अंगठ्याचा खुंटा असलेला घ्या.

आणि चाकू खिशाला अडकवायची क्लिप. दुकानात दहा सेकंद धरून तिचं काहीच कळत नाही. जाडजूड पुठ्ठ्याची चार खोकी कापा, मग तळहाताच्या मधोमध कळते. ज्या हाताने कापता त्या तळव्यात क्लिपचं टोक रुतत असेल तर स्क्रू काढून ती दुसऱ्या बाजूला लावा, नाहीतर काढूनच टाका.

करंगळी तरीही लटकत असेल तर मुठीच्या मागच्या टोकाच्या भोकात दोरी ओवा आणि मुठीला लागूनच तिच्या दोन-तीन गाठी एकावर एक मारा. करंगळी त्या गाठींवर बसते. मूठ दीड सेंटिमीटरने लांब झाल्यासारखी होते आणि खिशात दोरी मऊ असल्यामुळे जागा खात नाही. माझ्या चाकूच्या गाठी मळून काळ्या झाल्यात. त्या बदलल्या की दोन दिवस हात चुकल्यासारखा वाटतो.

ऑनलाइन मागवणार असाल तर आधी जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या मिटलेल्या चाकूच्या लांबी-रुंदीत कापा, छापलेल्या जाडीएवढ्या होईपर्यंत एकावर एक चिकटवा, कडा थोड्या गोल करा आणि धरून बघा. डोळे मिटून धरा. मागची दोन बोटं कुठे जातात ते लगेच समजतं. मी असे सहा पुठ्ठे केले होते, त्यातले चार तिथेच बाद झाले आणि चार चाकूंचे पैसे वाचले.

आता दादाचं राहिलं. टाके निघाल्यावर मी त्याला आमच्या कामावरचे चामड्याचे जाड हातमोजे दिले, दोर ओढताना आम्ही घालतो ते. त्याची बोटं सडपातळ आहेत, मोज्यांत ती माझ्यासारखी झाली. त्यानेच दिलेला चाकू हातात दिला आणि अंगठ्याएवढा जाड दोर कापायला सांगितला. पहिल्या दोन ओढींत मूठ हातात फिरली. तिसऱ्या ओढीला त्याने नकळत तीच पकड धरली, हातोड्याची, कारण त्या मुठीवर दुसरी पकड बसतच नाही. करंगळी बाहेर, अंगठा पाठीवर दाबलेला. दोर अर्धा कापून त्याने चाकू खाली ठेवला आणि म्हणाला, ‘असले मोजे घालून कुणाला जमेल?’

मी एवढंच म्हणाले, ‘दादा, मला ते काढता येत नाहीत.’

तो काही बोलला नाही. तुम्हालाही असं कुणी म्हणत असेल तर वाद घालू नका, मोजे द्या.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुम्ही राहता तिथला कायदा बघा. काही देशांत लांबीइतकंच लॉकलाही महत्त्व आहे. ब्रिटनमध्ये तीन इंचांच्या आतला, लॉक नसलेला घडीचा चाकू विनाकारणही बाळगता येतो, लॉक असलेल्याला मात्र सबळ कारण लागतं. बिनलॉकचाच घ्यावा लागला तर जाड मूठ आणि ती अर्धगोल खाच या दोन्हींवर अडून बसा. आणि विमानाने जाताना चाकू केबिनच्या बॅगेत ठेवू नका.

शिवाय, मी वर १३ मिलिमीटर म्हटलं ते माझ्या हाताचं माप आहे. तुमची बोटं लांब पण बारीक असतील तर तुम्हाला जाडीपेक्षा लांबीच जास्त लागेल, आणि मग ओपिनेलपेक्षा लांबट, सरळ मुठीचा चाकू बरा पडेल. पुठ्ठ्याची पट्टी ते सांगेल.

दादाचं एक बरोबर होतं. रुतणाऱ्या वस्तूला भोक पाडायला घडीचा चाकू वापरायचाच नसतो, त्याला टोच्या असतो. ती चूक माझी होती आणि ते मी त्याला त्याच संध्याकाळी सांगितलं. हातांबद्दल तो जे बोलला ते त्याने अजून मागे घेतलेलं नाही.